अमेरिका की जर्मनी: पीएचडीनंतरची दोन नियुक्तिपत्रे

‘ब्रेन ड्रेन’ हा शब्द रूढ झाला तो ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या अमेरिकेकडील ओघाविषयी रॉयल सोसायटीने १९६३मध्ये अहवाल काढल्यानंतर. आज संशोधकांना ओढणारे अनेक आहेत. मे २०२५मध्ये तर युरोपीय संघाने केवळ यासाठी ५० कोटी युरो जाहीर केले. मात्र ज्याच्या हातात अमेरिकेतील टेन्यूअर-ट्रॅक पद (ठरावीक वर्षांनंतरचे मूल्यमापन अनुकूल झाल्यास कायम होणारे) आणि जर्मनीतील ज्युनिअर प्रोफेसरपद अशी दोन पत्रे आहेत, त्याने पगाराच्या आकड्याआधी नोकरी कायम कशी होते आणि संशोधनाचा खर्च कोण उचलतो, हे पाहावे.

अमेरिकेत पगार बहुधा ९ महिन्यांचा असतो आणि उन्हाळ्याचे ३ महिने अनुदानातून भरून काढावे लागतात. प्रयोगशाळा उभारण्यासाठी विद्यापीठ घसघशीत रक्कम देते खरे, पण ती संपली की विद्यार्थ्यांचे विद्यावेतनसुद्धा बऱ्याच अंशी प्राध्यापकाने मिळवलेल्या अनुदानावर येऊन पडते. २०२५मध्ये तेथे अनेक चालू अनुदाने मध्येच रद्द झाली, त्यामुळे ही जोखीम आता कागदावरची राहिलेली नाही. त्या बदल्यात साधारण सहाव्या वर्षी फैसला होतो आणि तो अनुकूल असेल तर त्याच विभागात कायमची जागा मिळते.

जर्मनीत ज्युनिअर प्रोफेसरपद २००२मध्ये आले. त्याची मुदत सहसा ३ अधिक ३ वर्षांची असते, आणि टेन्यूअर-ट्रॅक नसेल तर मूल्यमापन उत्तम होऊनही शेवटी दुसऱ्या विद्यापीठाचे दार ठोठवावे लागते. २०१७पासून १,००० टेन्यूअर-ट्रॅक पदांसाठी केंद्र व राज्यांनी योजना राबवली, तरी पत्रात तो शब्द स्पष्ट लिहिलेला नसेल तर माझ्या मते ते पत्र दुय्यम समजावे. तोंडी आश्वासनांना येथे काडीची किंमत नाही.

वास्तव्याच्या हक्काबाबत मात्र जर्मनी सरस ठरते. तेथे ब्लू कार्डधारकाला (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा युरोपीय संघाचा वास्तव्य परवाना असणाऱ्याला) बी-१ म्हणजे मध्यम पातळीची जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. अमेरिकेत नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांवर जन्मदेशानुसार ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने मोठ्या लोकसंख्येच्या देशांत जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. महागड्या उपकरणांशिवाय ज्याचे काम अडते, त्याने तरीही अमेरिकेचा विचार आधी करावा. सिद्धान्तावर काम करणाऱ्याला ती घाई नाही.