कूळ संघ, पंचायतीची समिती की वाड्यावरचा गट?

गावासाठी काही करायचे आहे, पण हाताशी महिन्यातले दोनच रविवार, असे म्हणणारी तरुण मुले हल्ली गोव्यात बरीच भेटतात. पाऊस अवेळी कोसळतो, उधाणाचे पाणी चढते, त्यामुळे ही तळमळ खरी आहे. ते दोन रविवार कुठे द्यायचे?

गावाला खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली शेतजमीन, असेल तर मी आधी कूळ संघाचे, म्हणजे जमीन कसणाऱ्या कुळांच्या संघटनेचे, नाव घेईन. पूर्वी खाजनाचे बांध कोमुनिदाद, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणारी जुनी संस्था, राखायची; १९६४ च्या कूळ कायद्यानंतर हे काम कूळ संघांकडे आले. खाडीचे खारे पाणी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध आणि मानस, म्हणजे बांधातली पाणी सोडायची मोरी, एवढेच असते. भरती आली की पाण्याच्या दाबानेच मानशीची लाकडी दारे मिटतात. ओहोटीला शेतातले पाणी ती ढकलून बाहेर पडते. बांधाला कुर्ल्या बिळे पाडतात. मुठीएवढे भोक वेळीच दिसले तर पाटीभर चिखलात भागते. अमावस्येच्या उधाणापर्यंत तसेच राहिले तर बांध फुटतो आणि खारावलेले शेत लवकर सुधारत नाही. म्हणून बांधावरून नेमाने फिरणारी माणसे हवीत. मात्र मानशीतल्या मासळीचा लिलाव होतो, आणि जास्त मासळीच्या लोभाने दारे उघडी राहिली की शेते बुडतात. त्या वादात बोलायची तयारी हवी. तुम्ही सभासद नसाल तर संघात मत नाही, पण बांधावर हात लावायला कोणी अडवत नाही.

पंचायतीची जैवविविधता समिती २००२ च्या कायद्यातून आली. झरे, देवराया, जुने बियाणे यांची नोंदवही करणे हे तिचे मुख्य काम. डोंगरकापणीविरुद्ध ग्रामसभेत उभे राहताना ही नोंद कामी येते. चिकाटीने लिहिणाऱ्याने इथे जरूर जावे.

पुराच्या रात्री मात्र वाडाच, म्हणजे आपल्या वस्तीतले शेजारीच, धावून येतात. २३ जुलै २०२१ ला म्हादई नदीला पूर आला, तेव्हा सत्तरी तालुक्यात घरे पडली. सत्तरीसारख्या भागात राहत असाल तर भजनी मंडळ, क्रीडा मंडळ किंवा बायकांचा स्वयंसाहाय्य गट, जो आधीच एकत्र येतो, त्याच्यापासूनच सुरुवात करा. अंथरुणाला खिळलेले कोण, एकटे कोण, होडी कुणाकडे, उंचावरचे घर कुणाचे, याची यादी मिरगाआधी करा. या गटाकडे पैसा नसतो; वहाळ उपसायला पंचायतीकडेच जावे लागते. यादी दरवर्षी नव्याने करा, कारण भाडेकरू बदलतात आणि नव्यांना कुणी विचारलेले नसते.