उन्हाळी वाचन उपक्रम: आधी पुस्तकांची पेटी बघा, मग बक्षिसं

वाचनालयांच्या उन्हाळी उपक्रमाचा साचा बहुतेक एकच असतो. सहा ते आठ आठवडे, एक वाचनकार्ड, पुस्तक संपलं की एक शिक्का आणि शेवटी प्रमाणपत्र. उपक्रम चांगला की नुसता नावापुरता, हे मात्र पुस्तक कोण निवडतं यावर ठरतं.

अमेरिकेत ॲलिंग्टन आणि मॅकगिल-फ्रांझेन या वाचनाच्या अभ्यासकांनी गरीब घरांतल्या मुलांना सलग 3 उन्हाळे दरवर्षी 12 पुस्तकं दिली. पुस्तकं मुलांनीच निवडली होती. ती न मिळालेल्या मुलांपेक्षा ही मुलं वाचनाच्या चाचणीत पुढे राहिली. म्हणून नाव घालण्याआधी पेटी उघडून बघा. चित्रकथा, कोडी, प्राण्यांची माहिती, खेळाडूंची पुस्तकं आहेत का? सगळी बोधकथांचीच असतील तर दुसरा उपक्रम शोधा.

निवड मुलाची असली तरी पुस्तक झेपायला हवं. मधलं एखादं पान, साधारण शंभर शब्दांचं, मुलाला मोठ्याने वाचू द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक आज एकट्याने वाचायचं नाही. पण हट्ट असेल तर हिसकावू नका, तुम्ही वाचून दाखवा. चांगल्या उपक्रमात ऐकलेलं पुस्तकही कार्डावर चढतं, दुसऱ्यांदा वाचलेलंही.

कार्ड नीट तपासा. नुसती पुस्तकं मोजली तर मुलं सर्वांत बारीक पुस्तक उचलतात, मिनिटं मोजली तर घड्याळाकडे बघत बसतात. पुस्तकाचं नाव आणि ‘कुणाला सांगशील?’ एवढे दोन रकाने पुरतात.

बक्षिसाचं काय? लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या 1973 च्या प्रयोगात, आवडीने चित्रं काढणाऱ्या मुलांना आधी बक्षीस कबूल केलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती कमी चित्रं काढू लागली. अचानक मिळालेल्या बक्षिसाने असं झालं नाही. त्यामुळे पहिल्या दिवशीच बक्षिसांचा फलक लावणारा उपक्रम आम्हाला पटत नाही. द्यायचंच तर पुस्तक द्या, तेही न सांगता.

आणखी एक चौकशी जरूर करा: आठवड्यातून एकदा तरी ग्रंथपाल किंवा ताई प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं पुस्तकावर बोलतात का? प्रश्नोत्तरं नकोत, नुसत्या गप्पा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुलं गळायला लागतात, तेव्हा ‘त्या वाघाचं पुढे काय झालं?’ असं विचारणारं माणूसच त्यांना परत आणतं.