तिबिलिसीच्या गंधक-स्नानाचे २८,००० रुपये, आणि कोरा कागद

आधी आकडे सांगतो. चौघांच्या जॉर्जिया देशाच्या टूरचे ३,१२,००० रुपये, त्यावर टीसीएस (टूरवाला आपल्याकडून घेऊन सरकारात भरतो तो कर) म्हणून १५,६०० आणि तिथली राजधानी तिबिलिसीतल्या 'ऐतिहासिक हमाम'चे, म्हणजे गरम गंधकाच्या पाण्याच्या स्नानगृहाचे, वेगळे २८,०००. त्यातले शेवटचे दोन आकडे, म्हणजे ४३,६०० रुपये, सरळसरळ बुडाले.

मी बावीस वर्षं कारखान्यात हिशेब लिहिला, तरी फसलो. पण टूरवाला आमच्याच सोलापुरातल्या पेठेतला होता. गल्लीतल्या दहा-बारा जणांना चारधाम करून आणलेला. हिच्या गुडघ्यांचं दुखणं त्याला ठाऊक होतं. "काका, वज्रेश्वरीची कुंडं विसराल. तिथं १८२९ साली पुश्किन न्हायलाय," म्हणाला. रशियन कवी पुश्किनचं खरं आहे, म्हणूनच बाकीचंही खरं वाटलं.

क्यूआर स्कॅन केला तर मोबाईलवर भलत्याच बाईचं नाव आलं. ही हळूच म्हणाली, "अहो, हे नाव कुणाचं?" तो म्हणाला, "वहिनीचं खातं आहे, जीएसटी वाचतो." आणि मी पिन टाकला. समोर ओळखीचा पोरगा बसलेला, त्याला तोंडावर काय विचारायचं, असं वाटलं. ही आजही तो विषय काढत नाही, त्याचंच जास्त लागतं. क्यूआरवर दुकानाचं नाव नसेल तर तिथंच उठा. जीएसटी 'वाचतो' म्हणणारा तुमचे पैसे वाचवत नसतो.

अबानोतुबानी म्हणजे तिबिलिसीच्या जुन्या शहरातला स्नानगृहांचा भाग. नारिकाला किल्ल्याच्या पायथ्याशी विटांचे बुटके घुमट जमिनीतून वर आलेले दिसतात, आणि उकडलेल्या अंड्यासारखा गंधकाचा वास. व्हाउचरवर निळ्या फरशांच्या दर्शनी भिंतीचा फोटो होता, खाली नुसतं 'रॉयल हमाम, जुनं शहर'. पत्ता नाही, वेळ नाही. तीन ठिकाणी तो कागद दाखवला. तिसऱ्या काउंटरवरच्या बाईनं तो उलटून पाहिला, मागची कोरी बाजू मला दाखवली आणि दरपत्रकावर बोट ठेवलं. खोली तासावर मिळते, माणशी नाही! चौघांना मिळून १२० लारी (तिथलं चलन), म्हणजे जवळजवळ चार हजार रुपये. खरखरीत हातमोज्यानं अंग घासून हवं असेल तर त्याचे वेगळे. तिथंच, हॉटेलात बॅगा टाकून चालत जाऊन, रोख देऊन हे होतं. सोलापुरातून कुणालाही आगाऊ पैसे देऊ नका.

टीसीएसचं तर घरी आल्यावर कळलं. पैसे ऑगस्टमध्ये दिले, तेव्हा दर ५ टक्के होता. माझ्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, एक पैसा दिसत नाही. टीसीएस भरल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २७डी, मागितला तर "सीए गावाला गेलाय". पावतीवर पॅन नाही, जीएसटी क्रमांक नाही. टीसीएस घेणाऱ्याकडून त्याचं प्रमाणपत्र मागाच, तो रिटर्नमध्ये आपल्याला परत मिळणारा पैसा आहे.

पोलीस ठाण्यात पाच खेपा झाल्या. पहिल्यांदा "साहेब बंदोबस्तात आहेत". मग "फसवणूक परदेशात झाली, आमची हद्द नाही". अहो, पैसे सोलापुरात दिले! मग "हे दिवाणी आहे". मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ म्हटलं, तर "काका, तुम्ही वकील आहात का?" बँकेत "पिन तुम्हीच टाकलात". प्रत्येक ठिकाणी तेच झेरॉक्स, तीच कहाणी, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर 'म्हाताऱ्याला हौस नडली' हा भाव. पैशापेक्षा तो भाव जास्त झोंबला. ऑनलाइन पैसे गेल्याचं लगेच कळलं तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा. मला दोन महिन्यांनी कळलं.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, हे मला पाच खेपांत एकानंही सांगितलं नाही. निळ्या फोटोचं असलंच व्हाउचर सोलापुरात आणखी कुणाला मिळालं असेल, तर लाजेनं फाडून टाकू नका. पावती आणि क्यूआरच्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि तुमचाही अर्ज टाका.