आग्नेय अलास्कात बारा बोअर पंप, पाच महिन्यांनंतर: आधी चेंबर बघा

तिसऱ्या गोळीला पंप, म्हणजे काडतूस बदलायला मागेपुढे करायची शॉटगनची पुढची मूठ, मागे आलाच नाही. स्लग, म्हणजे शॉटगनची एकच मोठी गोळी, व्यवस्थित सुटला, पुढची मूठ खेचली, ती जागची हलेना. झाडलेलं काडतूस चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतुसाच्या घराला, घट्ट चिकटलेलं. समोर अस्वल नव्हे, कागदी लक्ष्य होतं म्हणून ठीक. त्या दिवशीच्या पंचवीस काडतुसांपैकी पाच अशी अडकली. बंदूक पाच महिन्यांची, आणि तोवर तिच्यातून शंभर गोळ्याही झाडलेल्या नव्हत्या.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. साडेअठरा इंची नळी, तीन इंची चेंबर, प्लॅस्टिकचा दस्ता, वर खरखरीत काळा मुलामा. याच घराण्यात निकेलचा मुलामा दिलेली, खाऱ्या हवेसाठी बनवलेली आवृत्ती मिळते, पण ती बरीच महाग. तो फरक वाचवला. पावसाळी अलास्कात हे गणित चुकतं ते कसं, ते पुढे येईलच.

अस्वलासाठी बंदूक घेताना सगळी चर्चा कॅलिबरभोवती फिरते. अलास्काच्या मासे व वन्यजीव खात्याचा सल्ला बहुतेकांना पाठ असतो: .३०० मॅग्नम रायफल किंवा स्लग भरलेली बारा बोअर योग्य, .४४ मॅग्नमसारखं जड पिस्तूल ऐन वेळी अपुरं पडू शकतं, विशेषतः सराव नसलेल्या हातात. सल्ला चांगला आहे. पण तो पहिल्या गोळीबद्दल बोलतो. दुसरी गोळी चेंबरमध्ये जाते की नाही हे पहिलं काडतूस बाहेर पडतं की नाही यावर ठरतं, आणि स्वस्त पंप बंदुकीची खरी परीक्षा तिथे होते.

काडतूस का अडकतं? गोळी सुटताना दाबामुळे काडतुसाच्या मागच्या टोकाची धातूची टोपी फुगून चेंबरच्या भिंतीला टेकते. दाब उतरला की धातूने पुन्हा आक्रसायला हवं. पितळ छान आक्रसतं. स्वस्त काडतुसांची टोपी पितळी दिसते, पण आत साधं पोलाद असतं, वर नुसता मुलामा. ते तेवढं आक्रसत नाही. त्यात चेंबर कापताना राहिलेले हत्याराचे गोल चरे असतील तर टोपी त्या चऱ्यांत रुतते. चरे स्वस्त आवृत्तीत बरेचदा सापडतात, कारण शेवटचं घासकाम तिथेच वाचवलेलं असतं. आणि तिसरी गोष्ट गंज. काळा मुलामा नळीच्या बाहेरून, चेंबर आतून उघडं पोलाद. इथल्या केचिकन गावात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा हवेत दोन दिवस न पुसलेल्या चेंबरमध्ये नारिंगी धूळ दिसायला लागते. चरे, गंज आणि पोलादी टोपी एकत्र आली की काडतूस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची एका बाजूची नखी किती ओढणार?

टोपी पोलादी आहे का हे साध्या चुंबकाने कळतं. चिकटलं तर ती काडतुसं सरावाला ठेवा, जंगलात नेऊ नका.

चेंबर घासायची पद्धत लिहितो, कारण दुकानात याला ‘नवीन बंदूक आहे, वापरून बसेल’ एवढंच उत्तर मिळतं. बसत नाही. बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासा. मॅगझिनची, म्हणजे नळीखालच्या काडतुसं भरायच्या नळीची, टोपी काढा. आतल्या स्प्रिंगचा अडसर अंगठ्याने दाबून धरा, नाहीतर स्प्रिंग खोलीभर उडते. नळी वेगळी करा. बारा बोअरच्या कांस्य ब्रशवर चार शून्यांचं सर्वांत बारीक स्टील वूल गुंडाळा, तेलात भिजवा, सळईचा तुकडा ड्रिलला लावा. मागच्या तोंडातून फक्त चेंबरच्या लांबीपर्यंत, म्हणजे तीन इंच, ड्रिल मंद ठेवून आतबाहेर करत अर्धा मिनिट. एका जागी थांबायचं नाही. पुसा, टॉर्चने बघा, पुन्हा करा. तीन-चार फेऱ्यांत चरे मऊ होतात. पॉलिश पेपर किंवा जाड घासणी वापरू नका. चेंबर मोठं करायचं नाही, फक्त गुळगुळीत करायचं आहे. शेवटी पातळ तेलाचा हात फिरवून कोरड्या फडक्याने काढा. तेल साचू दिलं तर ते काडतुसाच्या तळाच्या, ठिणगी देणाऱ्या कॅपपर्यंत झिरपतं आणि गोळी न सुटण्याची भीती राहते.

घासल्यानंतर त्याच स्वस्त पेटीतली पंचवीस झाडली, एक अडकलं. खऱ्या पितळी टोपीची पंचवीस झाडली, एकही नाही.

अडकलंच तर उपाय असा: बोट चापापासून दूर, नळी सरळ आकाशाकडे, चेहरा बाजूला, एका हाताने पुढची मूठ मागे ओढत दस्ता जमिनीवर जोरात आपटायचा. धक्क्याने काडतूस सुटतं. अस्वल ताशी ५६ किलोमीटरने धावतं, म्हणजे तीस मीटर दोन सेकंदांत. हा उपाय सरावाच्या मैदानापुरताच धरा.

आता पंपाच्या कुलपाबद्दल, कारण इथे नवे लोक फसतात. चेंबर रिकामं आणि मॅगझिन भरलेलं ठेवून फिरायचं असेल तर आतला घोडा उतरलेला हवा. घोडा चढलेला असेल तर पुढची मूठ कुलूपबंद राहते. ती चापाच्या कडीजवळचं छोटं बटण दाबल्याशिवाय हलत नाही. घाबरलेल्या माणसाला ते बटण आठवत नाही. तेव्हा क्रम असा: बंदूक पूर्ण रिकामी, पंप पुढे बंद, नळी सुरक्षित दिशेला, चाप दाबून घोडा उतरवा, मग मॅगझिन भरा. आता सेफ्टी, म्हणजे चाप रोखणारी कळ, काढून ठेवली तरी चेंबरमध्ये काही नाही. एकदा मूठ मागेपुढे केली की बंदूक तयार. मूठ पूर्ण मागे खेचायची. अर्धवट खेचली तर नवं काडतूस वर येत नाही आणि चाप दाबल्यावर नुसता टक् आवाज येतो. मॉसबर्ग ५०० ची सेफ्टी वर, अंगठ्याखाली असते. हातमोज्यांत ती जास्त सोपी पडते. या बंदुकीत ती चापामागे आडवी दांडी आहे, आणि ओल्या जाड मोज्यात ती दाबली गेली की नाही हे कळत नाही.

स्लगबद्दल थोडक्यात. साधा फॉस्टर स्लग मऊ शिशाचा, जाड हाड-स्नायूत लवकर चपटा होतो. ब्रेनेकेसारखा कठीण स्लग जास्त खोल जातो, तोच घ्या. छर्रे, अगदी मोठ्या छर्ऱ्यांचा बकशॉटही, नको. अमेरिकी वनखात्याने १९८३ मध्ये छापलेल्या, पंधरा यार्डांवरच्या चाचण्यांत .४५८, .३७५ आणि .३३८ मॅग्नम रायफली वरच्या क्रमांकांत होत्या, बारा बोअरचा स्लग खाली. म्हणून ज्याचा हात रायफलीवर बसलेला आहे त्याने शॉटगनकडे वळायचं कारण नाही. मॅगझिनमध्ये काडतुसं महिनोन्‌महिने तशीच ठेवू नका. स्प्रिंगच्या दाबाने प्लॅस्टिकचं अंग दबून फुगतं आणि मग ती चेंबरमध्ये घासत जातात. दर महिन्याला काढून प्रत्येक काडतूस सुट्या नळीच्या चेंबरमध्ये टाकून बघा, नुसतं सोडल्यावर आत गेलं पाहिजे. जे अडतं ते सरावाला.

पिस्तुलांबद्दलचं मत पहिल्या दोन महिन्यांतच पक्कं होतं: पिस्तुलं म्हणजे मनाचं समाधान. ते आता मागे घ्यावं लागतंय. तीन किलोच्या वर वजनाची बंदूक मासे साफ करताना, करवत चालवताना, ओढ्यात उभं राहून काम करताना हातात राहत नाही. ती झाडाला टेकवलेली असते, आणि झाड दहा पावलांवर. अस्वलांचे अभ्यासक स्मिथ आणि हेरेरो यांनी २०१२ मध्ये बंदूकधारी माणसं आणि अस्वलं यांच्या अलास्कातल्या १८८३ ते २००९ दरम्यानच्या २६९ घटना तपासल्या. त्यात पिस्तुलं ८४ टक्के वेळा उपयोगी पडली, लांब बंदुका ७६ टक्के वेळा. अपयशाची कारणं वाचण्यासारखी आहेत. सर्वांत मोठं कारण वेळच न मिळणं, २७ टक्के. अडकणं वगैरे यांत्रिक बिघाड १४ टक्के. सेफ्टी वेळेत न निघणं ८ टक्के. म्हणजे या बंदुकीच्या दोन्ही खोड्या त्या यादीत आहेत. छातीवरच्या होल्स्टरमधलं .४४ रिव्हॉल्व्हर किंवा १० मिमीचं पिस्तूल निदान अंगावर असतं. ग्रीनलंडमधली डॅनिश सिरियस गस्त १० मिमीचं ग्लॉक २० बाळगते, तेही ध्रुवीय अस्वलांसाठी. पिस्तुलाला कठीण शिशाची, न पसरणारी गोळी लागते. अंगाशी झटापट झाली तर रिव्हॉल्व्हर बरं, कारण ऑटोमॅटिक पिस्तुलाची नळी अस्वलाच्या अंगावर दाबली गेली की स्लाइड मागे सरकते आणि गोळी सुटत नाही.

त्याच संशोधकांच्या २००८ च्या अभ्यासात अस्वलावर मारायचा मिरचीचा स्प्रे बाळगणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. स्प्रे निदान २२५ ग्रॅमचा घ्या, किमान सहा सेकंद चालणारा, पंचवीस फुटांपर्यंत पोचणारा, आणि तळावरची मुदत बघा. प्रवासी विमानात तो सामानातही चालत नाही. छोट्या तरंगत्या विमानात पायलटला आधी सांगा, बरेच जण तो फ्लोटच्या कप्प्यात ठेवतात. अॅडमिरल्टी या आग्नेय अलास्कातल्या बेटावर सुमारे १६०० तपकिरी अस्वलं आहेत. तिथे पट्ट्यावर स्प्रे आणि पाठीवर बंदूक, असा क्रम आता कायमचा.

गोळी झाडली तर पुढचं कामही माहीत असू द्या. जीवरक्षणासाठी अस्वल मारलं तर कातडं, नखांसकट, आणि कवटी काढून राज्याला द्यावी लागते, लगेच कळवावं लागतं आणि पंधरा दिवसांत लेखी अर्ज भरावा लागतो. उघड्यावर टाकलेल्या अन्नामुळे अस्वल आलं असेल तर स्वसंरक्षणाचं कारण चालत नाही. कातडं काढायला सोबत धारदार सुरी ठेवा.

देखभाल आता अशी: पावसात नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा, गोळी त्यातून बिनधोक जाते. रात्री तो काढायचा, आत ओल कोंडते. थंड बंदूक थेट गरम केबिनमध्ये आणायची नाही, पोलादावर दव धरतं. ओसरीवर छपराखाली ठेवा, चेंबर रोज संध्याकाळी पुसा, मॅगझिनची स्प्रिंग आठवड्याला काढून कोरडी करा. एवढं रोज करायचं असेल तर वाचवलेले पैसे तेल, ब्रश आणि फडक्यांत जातात, वेळ वेगळाच. पुन्हा घ्यायची असती तर निकेलवालीच. दुकानात जाताना टॉर्च घेऊन जा, नळी काढून दाखवायला सांगा. चेंबरमध्ये गोल चरे दिसले तर दुसरा नग मागा.