हिनोकी घ्यावं की सावारा?

जपानहून लाकडाची एखादी वस्तू आणायची म्हटलं की बहुतेक जण हिनोकीच मागतात. नाव मोठं आहे आणि ते कमावलेलं आहे. तरी शेजारी सावाऱ्याची वस्तू दिसली, तर आधी ती कशासाठी हवी ते ठरवा. माझ्या मते निम्मा निर्णय वासावरच होतो.

दोन्ही जपानी सायप्रस, म्हणजे सूचिपर्णी झाडंच. मध्य जपानातल्या किसो खोऱ्यात दोन्ही वाढतात, सावाऱ्याला ओलसर जागा जास्त मानवते. झाडं इतकी सारखी की पान उलटं करून खालच्या पांढऱ्या रेषा बघाव्या लागतात: हिनोकीत वाय अक्षरासारख्या, सावाऱ्यात एक्ससारख्या. किल्ले आणि शहरं उभारताना ही जंगलं उजाड झाली, तेव्हा एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) ओवारी संस्थानाने इथली हिनोकीतोड बंद केली. सावाराही त्या बंदीत आला, कारण हिनोकी पाडून ‘सावारा वाटला’ म्हणायची सोय ठेवायची नव्हती. ‘एक झाड, एक मुंडकं’, म्हणजे झाड तोडलं तर डोकं उडवायचं, असं त्या कायद्याबद्दल आजही सांगतात.

घराचा खांब, तुळई असा प्रश्न असेल तर हिनोकीच. होर्यूजी मंदिरातले हिनोकीचे खांब सुमारे 1300 वर्षं उभे आहेत. इसे देवस्थान दर 20 वर्षांनी नव्याने बांधतात (मागची खेप 2013 साली झाली), तेही हिनोकीतच. त्याची साल मंदिरांच्या छपरावर थरांनी बसवतात. सावारा हलका आणि मऊ, त्याच्याकडून हे काम होणार नाही.

स्वयंपाकघरात मात्र पारडं फिरतं. शिजलेला भात काढून ठेवायचं लाकडी भांडं, म्हणजे ओहित्सू, घ्यायचं तर मी सावाराच घेईन. गरम भाताची जास्तीची वाफ लाकूड शोषतं, त्यामुळे झाकणाखाली पाणी सुटून भात गिचका होत नाही. हिनोकीही हे करेल, पण त्याचा दरवळ भातात उतरतो आणि तो सगळ्यांना रुचत नाही. सावाऱ्याचा वास मंद, शिवाय हे लाकूड पाण्याला टिकतं. सुशीचा भात कालवायची पसरट परातही म्हणूनच सावाऱ्याची असते.

चिरायच्या पाटासाठी पुन्हा हिनोकी. सुरीची धार त्यावर लवकर बोथट होत नाही. वापरण्याआधी पाट ओला करून पुसा, नाहीतर हळदीचा डाग बसलाच म्हणून समजा. साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, प्यायचे चौकोनी लाकडी पेले (मासू) हेही हिनोकीचे, तिथे वास हवाच असतो. गिफू प्रांतातलं ओगाकी शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे. न्हाणीघरातल्या टबाला सुगंध हवा तर हिनोकी. अंगावर पाणी घ्यायच्या बादलीला हलका सावारा बरा.

ओहित्सू घरी आणल्यावर दोन ऋतू सांभाळा. पावसाळ्यात धुतल्यावर झाकण लावून ठेवलात तर बुरशी धरेल. उघडा, सावलीत, वारं लागेल असा वाळवा. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात उलट होतं: बरेच दिवस कोरडा पडला की फळ्या आकसतात आणि त्यांना बाहेरून आवळणारं तांबे धातूचं कडं खाली घसरतं. त्यामुळे तो रोजच्या वापरात ठेवणार असाल तरच घ्या.