राणी की चटणी? गव्हाळ-तांबूस रंगाला काय खुलतं, जोडीजोडीने बघू

गेल्या गणपतीत आरती झाल्यावर सोसायटीत काढलेला एक फोटो माझ्याकडे आहे. मी मिंट रंगाचा नवाकोरा लिननचा कुर्ता घातलाय, आदल्या दिवशी पार्लरला जाऊन आलेय, आणि शेजारी माझी आत्या उभी आहे, वय ७१, पहाटेपासून मोदक वळून वळून कंबर धरलेली, अंगावर वीसेक वर्षांपूर्वीची विटकरी इरकल. फोटोत आजारी कोण दिसतंय? मी. दोघींचा रंग एकाच घरातला, गव्हाळ, तांबूस झाक, तपकिरी डोळे, उन्हात लालसर दिसणारे केस, त्यामुळे दोष चेहऱ्याला देता येईना, कापडालाच द्यावा लागला.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे आत्याची नात. तिचा साखरपुडा ठरलाय, साडी मुलाकडचे घेणार, त्यांनी रंग विचारला आणि हिने मला मेसेज टाकला, "मावशी, राणी का चटणी? संध्याकाळपर्यंत सांग, त्यांना कळवायचंय." तिला उत्तर लिहायला बसले आणि ते एवढं लांबलं की म्हटलं सगळ्यांसाठीच लिहू, कारण लक्ष्मी रोडला दोन पीस हातात धरून "कुठला गं?" करणारे आपल्यात पुष्कळ आहेत, पुरुषसुद्धा, फक्त ते विचारत नाहीत, निळा शर्ट घेतात आणि मोकळे होतात.

आधी एक गोंधळ मिटवू. गोरं, निमगोरं, सावळं हा एक विषय आणि त्याच्याखालची झाक हा दुसरा. चहात दूध कमीजास्त केलं तरी चहाचा तांबूसपणा जात नाही ना, तसं. सावळ्या माणसाचीही झाक तांबूस-सोनेरी असू शकते आणि गोऱ्यापान माणसाची गुलाबी-निळसर. त्यामुळे "तू सावळी आहेस, फिकट रंग घालत जा" हा जो सल्ला आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या फुकट वाटला जातो तो मला मुळातच पटत नाही, प्रश्न फिकट-गडदचा नाहीच, रंग कुठल्या बाजूला झुकलाय त्याचा आहे.

झाक ओळखायला मनगटावरच्या शिरा बघा म्हणतात, हिरवट दिसल्या तर उबदार, म्हणजे तांबूस-सोनेरी, निळ्या-जांभळ्या दिसल्या तर थंड, म्हणजे गुलाबी-निळसर. सावळ्या हातावर शिरा धड दिसतच नाहीत, त्यामुळे मी त्यावर विसंबत नाही. त्यापेक्षा घरातला नीळ दिलेला पांढराशुभ्र पंचा घ्या आणि एक कोरा मांजरपाटाचा तुकडा घ्या, सकाळी खिडकीपाशी, मेकअप न करता, एकेक हनुवटीखाली धरा. मांजरपाटाने चेहरा शांत, एकसारखा दिसला आणि पंचाने डोळ्याखालची वर्तुळं वर आली, तर तुम्ही आमच्यातले. मेंदी लावणाऱ्यांनी केस मागे बांधून बघा, कारण पिकल्या केसांवर मेंदीचा केशरी चढतो आणि मग कुणीही उबदारच वाटायला लागतं.

हे असं का होतं, तर दोन कारणं आहेत. एक सरळ आहे, कापडावरचा उजेड उसळून हनुवटीखाली पडतो, दुपारी गच्चीत पोपटी ओढणी घेऊन उभं राहा, गळ्यावर हिरवट छटा दिसेल. दुसरं जरा गमतीचं. शेव्रल नावाचे एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले, तिथे भिंतीवर लावायचे मोठे चित्रांचे पडदे विणायचे. तक्रार अशी यायची की काळा धागा फिका पडतोय. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हतीच, काळ्याच्या शेजारी जे रंग विणलेले होते त्यांनी तो मार खात होता. शेजारचा रंग स्वतःच्या विरुद्ध, म्हणजे रंगचक्रात समोर बसणाऱ्या रंगाकडे नजर ढकलतो. (हे गृहस्थ पुढे १०२ वर्षं जगले, रंगाच्या वासात राहून, असो.) आता धाग्याच्या जागी चेहरा ठेवा. राणीच्या विरुद्ध हिरवा, म्हणून राणीशेजारी पिवळसर कातडी किंचित हिरवट वाटते. गडद निळ्याच्या विरुद्ध पिवळा-नारिंगी, म्हणून मुळात पिवळसर चेहरा अजून पिवळा.

आता जोड्या. लक्षात घ्या, इथे "लाल चांगला, निळा वाईट" असं काही नाहीये, प्रत्येक रंगात आपला एक भाऊ असतो आणि एक परका.

राणी आणि चटणी, कारण तोच प्रश्न आलाय. राणी हा गुलाबीतला निळसर रंग, फोटोत धडाक्यात येतो, हॉलच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो, पण दिसते ती साडी. चटणी म्हणजे लसणाच्या सुक्या चटणीचा तो लालसर-तपकिरी, दुकानात घडीत बघितला तर मरगळलेला वाटतो, खरं सांगते पहिल्या नजरेत कुणीच तो उचलत नाही. अंगावर टाकला की मग कळतं, गाल भरलेले दिसतात, डोळ्यातला तपकिरी वर येतो. दोन्हीच्या मध्ये डाळिंबी आहे, समारंभाला पुरेसा भरजरी आणि तरी उबदार, ज्यांना चटणी फार साधा वाटतो त्यांनी तिथे थांबावं. गुलाबीच हवा असेल तर अबोलीकडे जा किंवा कांद्याच्या सालीचा गुलाबी बघा. बेबी पिंक मात्र मी कपाटातून कायमचा काढलाय.

पांढरा आणि मोतिया. इथे फरक सगळ्यात स्वस्तात कळतो. कोऱ्या सुताचा मूळ रंग पिवळटच असतो, तो ब्लीच करून घालवतात आणि वर नीळ देतात, म्हणजे निळ्याने पिवळ्याला मारायचं आणि आपल्याला पांढरं वाटायचं. तो निळसरपणाच आपल्याला नडतो. मोतिया, ऑफ व्हाइट, सायीचा रंग, हातमागाचा कोरा, हे सगळे चालतात. आणि एक, मोतिया कुर्ता घेतलात तर त्याला नीळ घालू नका, आणि ज्या पावडरीत चमक आणणारं केमिकल असतं तिच्यातही सारखा धुऊ नका, ती केमिकल्स उन्हातलं न दिसणारं किरण घेऊन निळसर उजेड फेकतात, दहा धुण्यांत तुमचा मोतिया पांढराफटक. आमच्याकडे हे झालंय, आणि तेही नवऱ्याच्या आवडत्या कुर्त्याचं, त्यावर जास्त बोलत नाही.

पिवळ्यात लिंबू की हळद-मोहरी? लिंबू नको, त्यात हिरवा आहे. मोहरी छान, पण एक खोच आहे, तुमचा चेहरा मुळात फिकट-पिवळसर असेल आणि मोहरी नेमका तुमच्याच छटेचा निघाला तर कावीळ झाल्यासारखं दिसतं. मग एक पायरी गडद जा, गेरूकडे किंवा मधाच्या रंगाकडे. बदामी आणि स्किन कलरचंही तसंच, कपडा आणि माणूस एकाच रंगाचे झाले की गळा कुठे संपतो ते कळत नाही.

हिरव्यात मिंट आणि पोपटी सोडा, मेंदी आणि शेवाळी घ्या. माझा तो गणपतीचा कुर्ता आता भाचीला दिलाय, तिची झाक गुलाबी आहे, तिला झकास दिसतो.

निळा. आपल्या लोकांचा खरा घोळ इथे आहे, कारण ऑफिसमध्ये निम्मी माणसं निळ्यात असतात आणि हिंजवडीच्या कुठल्याही बसमध्ये आकाशी शर्टांची रांगच दिसते. आकाशी आणि रॉयल ब्लू दोन्ही आपल्याला थंड पडतात. ज्या निळ्यात हिरवा मिसळलाय तो घ्या, मोरपंखी, रामा. मोरपंखी हा माझ्या मते आपल्या सगळ्या कपाटातला सगळ्यात उपयोगी रंग आहे, पार्टीला चालतो, ऑफिसला चालतो, सोन्याबरोबर शोभतो, आणि मातकट रंगांचा कंटाळा आला की सुटका करतो. नेव्ही ब्लू अगदीच टाळता येत नाही, मुलाखतीला घालावाच लागतो, तर आतला शर्ट क्रीम ठेवा. जीन्सचा प्रश्नच नाही, कमरेखाली काय घातलंय याचं चेहऱ्याला सुखदुःख नसतं.

काळा आणि चॉकलेटी. काळ्याबद्दल लोक हळवे असतात, "काळा सगळ्यांना दिसतो" म्हणतात. मला नाही वाटत. केस काळेभोर, डोळे काळे, रंग गडद असेल तर दिसतो, मग झाक उबदार असली तरी. पण तपकिरी केस, तपकिरी डोळे, मध्यम रंग, अशा माणसाच्या चेहऱ्यावर काळा थकवा आणतो, चाळिशीनंतर जास्तच. चॉकलेटी, गडद मेंदी, अंजिरी हे सगळे काळ्याचं काम करतात, बारीकही दाखवतात. संक्रांतीला मात्र काळा लागतोच, तेव्हा चंद्रकळा नेसा पण काठ रुंद लाल किंवा सोनेरी बघा आणि ब्लाउज काळा शिवू नका, खणाचा शिवा. खणाच्या त्या तांबड्या-हिरव्या-मोहरी रंगांचं आपल्याशी इतकं जमतं की वाटतं कुणीतरी आपल्याला समोर बसवून विणलंय.

राखाडी आणि खाकी. खाकी म्हटलं की शाळेची चड्डी आठवते, म्हणून पुरुष राखाडी पँट घेतात. खाक म्हणजे धूळ, म्हणजे नावातच माती आहे, आपलाच रंग. ग्रे ट्राउझरऐवजी खाकी किंवा ऑलिव्ह घ्या, बेल्ट-बूट काळ्याऐवजी टॅन, बास, पुरुषांचं निम्मं काम झालं.

सोनं की चांदी यावर वाद नको, पिवळं सोनं आपलं. ऑक्सिडाइजचा मोह होतो, मलाही होतो, पण मग तांबं-पितळेची झाक असलेलं घ्या. साडीतही पांढरी जर आणि पिवळी जर असा फरक असतो, एकाच रंगाच्या दोन साड्यांत गोंधळ झाला तर जर बघा.

एवढं सगळं कळूनही दुकानात फसायला होतं, आणि ते दिव्यांमुळे. पांढऱ्या एलईडीच्या खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेलं असतं, तो निळसर उजेड, त्यात राणी, मिंट, रॉयल ब्लू झळाळतात आणि चटणी-मेंदी मेल्यासारखे दिसतात. पिवळ्या दिव्यात, म्हणजे २७०० ते ३००० केल्विनच्या आसपास, बरोबर उलटं. म्हणून आत ठरवूच नका. लक्ष्मी रोडच्या जुन्या दुकानांत अजूनही "जरा उजेडात बघते" म्हटलं की माणूस साडी घेऊन दारापर्यंत येतो, एक पदर तुमच्या खांद्यावर टाकतो आणि स्वतः रस्त्याकडे बघत उभा राहतो, ती सोय वापरा, लाजू नका. मॅचिंगलाही तेच, दिव्याखाली जुळलेला ब्लाउजपीस रस्त्यावर वेगळाच दिसू शकतो, कारण दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या मसाल्यांनी बनलेले असतात आणि उजेड बदलला की त्यांचं जमत नाही. तुळशीबागेत जाताना साडीचा फोटो नेऊ नका, साडी न्या. ऑनलाइन घेणार असाल तर मोबाइलचा रात्रीचा पिवळा मोड आधी बंद करा, मी त्या मोडमध्ये विटकरी म्हणून घेतलेला टॉप घरी आला तेव्हा गाजरी गुलाबी होता.

आणि जे परके रंग आधीच कपाटात आहेत ते टाकू नका. राणी साडीवर मोहरी ब्लाउज, आकाशी शर्टवर बदामी स्वेटर, काळ्या कुर्त्यावर अजरखची ओढणी. गळ्याजवळ वीतभर आपला रंग आला की बाकीचं चालून जातं.

तर पोरीला मी लिहिलं, चटणी, आणि खाली डाळिंबीही चालेल म्हणून जोडलं. तिने ते तसंच्या तसं तिकडे पाठवलं. काल साडी आली. राणी. वर चिठ्ठी, "हाच जास्त खुलतो गं तुला." आता काय बोलणार, साखरपुडा अजून व्हायचाय. आत्याने साडी हातात घेतली, खिडकीत नेली, उलटसुलट केली आणि म्हणाली, काठ सोनेरी आहे ना, मग झालं. ब्लाउज मोहरी रंगाचा शिवायला टाकलाय, कोपरापर्यंत बाह्या, आणि गळ्यात आत्याची जुनी ठुशी.