गेलेले पैसे सोडवून देणारा ‘वकील’

‘वीजबिल थकलंय, आज रात्री साडेनऊला कनेक्शन तोडणार’ या मेसेजवर माझ्या आईचे १ लाख ८४ हजार गेले. ही युक्ती आता बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे तिच्याबद्दल लिहीत नाही. लिहायचंय ते त्यानंतर जे घडलं त्याबद्दल. एकदा फसलेल्या माणसाला हेरून पुन्हा लुबाडणारे लोक आहेत, आणि ते काळा कोट घालून येतात.

आईने सगळं वेळेवर केलं होतं. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, तक्रार क्रमांक वहीत लिहिलेला. म्हणूनच ६२ हजार पुढच्या एका खात्यात होल्ड झाले, म्हणजे गोठवले गेले, बाकीचे तोवर एटीएममधून निघाले होते. पण होल्डवरचे पैसे सोडवायचे कसे, हे धड कुणी सांगेना. बँक म्हणे पोलिसांकडे जा, पोलीस म्हणत कोर्टाची ऑर्डर आणा. त्या वैतागात तिने फेसबुकवर एका बातमीखाली रकमेसकट सगळी हकिगत लिहिली.

थोड्याच दिवसांत एका ‘सायबर कायदा मदत केंद्रा’तून फोन आला. बोलणारा अस्सल पुणेरी मराठीत बोलत होता. फसवणारे हिंदीतच बोलतात असं आपल्याकडे अनेकांना वाटतं, तसं काही राहिलेलं नाही. “काकू, आधी फी नाही. पैसे हातात आले की त्यातले दहा टक्के द्या.” मग फाइल चार्ज ४,९९९. मग कोर्ट फी १८,५००. मग व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली: वर अशोकस्तंभ, मध्ये ‘न्यायदंडाधिकारी, पुणे’, खाली गोल शिक्का आणि निळ्या शाईची सही. रक्कम मोकळी करण्यापूर्वी ३१ हजार भरा, ते नंतर परत मिळतील, असं त्यात लिहिलेलं. तिथे आईने मला फोन केला.

आम्ही तो कागद घेऊन एका विधी महाविद्यालयाच्या लीगल एड सेलमध्ये, म्हणजे कायदेशीर मदत केंद्रात गेलो. विद्यार्थी, त्यांच्या प्राध्यापिका आणि कोर्टात काम करणारे एक वकील, असे तिथे बसतात. आमच्या आधी एक वडापाववाले काका होते. कुणा गिऱ्हाइकाने यूपीआयने दिलेले पैसे फसवणुकीतले निघाले आणि काकांचं अख्खं खातं गोठलं. अशा तक्रारी घेऊन बरेच छोटे दुकानदार येतात, असं तिथे कळलं. त्या माणसाचा गुन्हा काय, हा प्रश्न मला आजही छळतो.

तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने आमचा कागद वाचला आणि पेन्सिलीने दोन ठिकाणी गोल केले. पहिला गोल ‘माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६६ए’ वर. हे कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवून रद्द केलंय. २०१२ मध्ये आपल्याच पालघरमध्ये दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यानंतर दाखल झालेला तो खटला. मुळात ते कलम होतं आक्षेपार्ह मेसेजबद्दल, बँकेतल्या पैशांशी त्याचा संबंधच नव्हता. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवण्याचं कलम आहे ६६डी. दुसरा गोल ‘सीआरपीसी ४५७’ वर, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलमावर. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिथे होल्डवरचे पैसे सोडवण्याचा अर्ज कलम ५०३ खाली होतो. आमची तक्रार त्यानंतरची.

कलमं पाठ असण्याची गरज नाही, असं त्या वकिलांनी आईला समजावलं. बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार वकिलाला स्वतःहून फोन करून काम मागता येत नाही. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवणंही मना आहे. म्हणजे पहिल्या दोन वाक्यांतच तो माणूस उघडा पडला होता. कोर्ट फी कुणाच्या खासगी यूपीआयवर जात नाही. आणि जिल्हा न्यायालयातल्या प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो, तो ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी साइटवर घरबसल्या बघता येतो. आम्ही त्या ‘वकिला’कडे सीएनआर मागितला. आधी म्हणाला गोपनीय आहे, मग आईवर ओरडला, मग नंबर बंद.

आई लाजेने सगळं चॅट डिलीट करायला निघाली होती. त्या मुलीने तिचा हात धरून थांबवलं. चॅट, कॉलची यादी, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, ती पीडीएफ, सगळं जसंच्या तसं ठेवायचं; आणि फोनही बदलायचा नाही, कारण इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. मग तिथेच बसून या दुसऱ्या फसवणुकीची १९३० वर वेगळी तक्रार केली. जुन्या तक्रारीत ती घुसडायची नाही, खाती वेगळी असतात.

विद्यार्थ्यांना कोर्टात उभं राहता येत नाही, त्यांनी अर्ज तयार केला. वकील मिळाला शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, मोफत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोणत्याही स्त्रीला हा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो, आणि हे आमच्या ओळखीत एकालाही माहीत नव्हतं. विधी सेवेची हेल्पलाइन १५१००.

६२ हजारांचा अर्ज दाखल झालाय, पोलिसांचं म्हणणं मागवलंय. ‘मदत केंद्रा’ला गेलेले २३,४९९ ज्या खात्यात पोहोचले ते खातं आम्ही कळवेपर्यंत रिकामं झालं होतं. त्या पीडीएफवर पुण्याच्या कोर्टाचं नाव आहे. असा कागद तुमच्या घरी कुणाला आला असेल, तर पुढचा हप्ता भरण्याआधी त्यावरचा सीएनआर शोधा.